वार्ताफलकावर न आलेली बातमी

पत्रकारितेत कशी आलीस, असं कोणी विचारलं की मी मुलींच्या संडासाच्या कुलपाची गोष्ट सांगते. गोष्ट खरी आहे आणि ऐकणाऱ्यांना आवडतेही. शाळेतल्या मुलींच्या संडासाला कुलूप असायचं, किल्ली फक्त तपासणीला साहेब आले की निघायची, नववीतल्या एका पोरीनं ते शाळेच्या वार्ताफलकावर लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी कुलूप गेलं. लोक माना डोलावतात. मागे एका कॉलेजात यासाठी मला शाल-श्रीफळ मिळालं. मी ते हसून घेतलं आणि घरी येऊन भांडी आपटली. कारण मी या धंद्यात त्या कुलपामुळे आलेली नाही. ज्या बातमीमुळे आले, ती मी दिलीच नव्हती.

आमची शाळा संग्रामपूरकडच्या एका मोठ्या गावात. व्हरांड्यात स्टाफरूमच्या दाराशेजारी एक काळा फळा होता, वर पांढऱ्या रंगात ‘वार्ताफलक’ असं लिहिलेलं. रोज सकाळी त्यावर चार-पाच बातम्या खडूनं लिहायच्या आणि परिपाठात, म्हणजे प्रार्थना-प्रतिज्ञेनंतर, माईकवर वाचायच्या. आधीची पोरं पेपरातले मथळे उतरवून मोकळी होत. दिल्लीत काय झालं ते आमच्या शाळेतल्या शेळ्यांनाही पाठ होतं. मग आम्हाला मराठीला नवे सर आले. ते म्हणाले, “पेपरातल्या बातम्या पेपरात आहेत. मला या गावातली एक तरी आणून दाखवा.” कोणी हात वर केला नाही म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, कारण मी वर्गात सगळ्यात जास्त बोलायचे.

सरांचे नियम फार नव्हते. कोणी, काय, कुठं, कधी हे आलंच पाहिजे. ऐकलेलं निदान दोघांना विचारून घ्यायचं. बातम्यांची चिठ्ठी सकाळी त्यांना दाखवायची, त्यांनी खाली सही केली की मगच फळा. दुसरा नियम मी पहिल्याच महिन्यात मोडला. मागच्या गल्लीतली एक म्हैस वीज पडून मेली, असं एकाच पोरीकडून ऐकून लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी मालक म्हशीचं दावं धरून शाळेच्या फाटकात हजर. “पाह्यून घ्या गुरुजी, जित्ती हाय का मेली!” सरांनी मला त्याची माफी मागायला लावली. वर्गातली पोरं महिनाभर मला पाहिलं की हंबरायची. पण त्यानंतर मी कधी कच्ची बातमी आणली नाही.

बातम्या माझ्या, अक्षर मात्र माझ्या मैत्रिणीचं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि फळ्याच्या वरच्या ओळीला माझा हातही पुरत नसे. ती उंच होती. सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव, एसटीच्या पासवर यायची. मी चिठ्ठी हातात धरून सांगायचे, ती लिहायची. लिहिताना मागे वळून पाहायची नाही, फक्त “सांग” म्हणायची. तिची ओळ पट्टी न लावता सरळ जायची. कोणाचं सुंदर अक्षर दिसलं की मी अजूनही आधी त्याची ओळ सरळ आहे का ते पाहते.

तिचे बाबा फवारणीचे पंप दुरुस्त करत. आमच्या गावच्या बाजाराच्या दिवशी ते शाळेसमोरच्या निंबाखाली पोत्यावर बसत, वॉशर, नळ्या, नोझल पसरून. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी त्यांच्याजवळ जायचो. येताना ते आमच्याबरोबर व्हरांड्यापर्यंत येत, तेलकट हात मागे बांधून अख्खा फळा सावकाश वाचत आणि मला म्हणत, “अक्षर माह्या पोरीचं, अक्कल तुही. दोघी मिळून एक मास्तरीण झाली पाह्य!” मग स्वतःच्याच विनोदावर खूप हसत. ते वाचायला येतात म्हणून बाजाराच्या दिवशीच्या बातम्या मी जरा जास्त मेहनतीनं लिहायचे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

दहावीची सहामाही चालू होती. त्या दिवशी गणिताचा पेपर, अकराला. मी सव्वादहाला चिठ्ठी घेऊन स्टाफरूममध्ये गेले, तर सर फोनवर. “हो... खामगावला? कधी निघाले?... नाही, नाही, तिला काही बोलत नाही मी. तुम्ही या.” त्यांनी फोन ठेवला आणि मग मी दारात उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

फोन माझ्या मैत्रिणीच्या मामाचा होता. सकाळी तिच्या बाबांच्या छातीत कळ आली, घाम सुटला, शुद्ध गेली. त्यांना गाडीत घालून खामगावला दवाखान्यात नेत होते. मामा दुपारी तिला घ्यायला येणार होते आणि तोवर पोरीला काही कळू देऊ नका, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं.

“सर, खूप सिरियस आहे का?”

“माहीत नाही बेटा. पण पेपर आहे. आत्ता सांगून ती नुसती रडेल. तू काही बोलायचं नाही. कळलं?”

मी मान हलवली. त्यांनी माझी चिठ्ठी ओढून घेतली आणि पहिल्यांदाच न वाचता सही केली.

इथं बाहेरच्या वाचकाला थोडं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं तर लांब असलेल्याला ते सरळ सांगत नाहीत. ‘जरा तब्येत बरी नाही, येऊन जा’ एवढंच म्हणायचं. न्यायला कोणीतरी पाठवायचं. आणायला गेलेल्यानं वाटेत चहा पाजायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, आणि दारातली गर्दी पाहून ज्याचं त्याला समजायचं. माझ्या आत्याला असंच आणलं होतं. ती वाटेत आजोबांसाठी केळी घेत होती आणि माझ्या काकांनी ती घेऊ दिली. आम्ही याला माया म्हणतो. वाटेत माणूस कोसळू नये, एवढाच हेतू. मी लहानपणापासून हेच पाहिलं होतं, त्यामुळे सरांनी गप्प राहा म्हटल्यावर मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. चुकलं ते वेगळंच. मेलेल्या माणसाची बातमी झाकायची रीत आम्ही त्या दिवशी जित्या माणसाला लावली.

ती फळ्यापाशी ओल्या फडक्यानं कालच्या बातम्या पुसत होती.

“सांग.”

मी सांगायला लागले. गावातील पाण्याच्या टाकीची सफाई होणार असल्याने उद्या नळ येणार नाहीत. शाळेच्या मुलींचा कबड्डी संघ तालुका स्पर्धेसाठी रवाना. माझा आवाज मला ऐकू येत होता आणि तो दुसऱ्याच कोणाचा तरी वाटत होता. ती कधी नव्हे ती मागे वळली.

“काऊन वं, तोंड काऊन उतरलं तुह्यं?”

“गणित.”

“हट! तुले कवापासून गणिताचं भेव वाटून राह्यलं? अन् सर काय म्हणून राह्यले होते फोनवर? खिडकीतून दिसले मले, कपाळाले हात लावून बसले होते.”

“काई नाई. त्याइच्या घरचं काई.”

एवढं बोलून मी तिला पुढची बातमी सांगितली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सोपी थाप. काही करावंच लागलं नाही. दोन वर्षं मी गावभर फिरून, लोकांच्या दारात उभी राहून खरं काय ते विचारून आणत होते, आणि जी बातमी सांगायला मला चार पावलंही चालायची नव्हती ती गिळून बसले.

शाळेसमोरून अकरा वाजता खामगावची गाडी जायची. हे शाळेतल्या पहिलीतल्या पोरालाही माहीत होतं. तिला नुसतं त्या गाडीत बसवून द्यायचं होतं. एक शिक्षक, एक शिपाई, नाहीतर मी, कोणीही सोबत जाऊ शकलं असतं. गणिताचा पेपर सहामाहीचा होता, बोर्डाचा नव्हता. हे सगळं मला आत्ता स्वच्छ दिसतं. तेव्हा मी तिच्या मागच्या बाकावर बसून तिच्या वेणीकडे पाहत होते आणि माझ्या पेपरात काय लिहिलं ते देव जाणे.

पेपर तिला छान गेला. डबा खाताना ती नुसती चिवचिवत होती. शेवटचं प्रमेय अगदी तसंच्या तसं आलं, बाबाले सांगन, बाबा म्हणे गणितात चाळीसच्या वर गेली तर सायकल. तिनं तिच्या डब्यातली अर्धी वांग्याची भाजी माझ्या झाकणात काढली. मी ती खाल्ली. उपाशी राहायचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही, कारण तिनं विचारलं असतं.

सव्वादोनला मामा मोटरसायकलवर आले. “बाबाची तब्येत जराशीक खराब हाय. घरी चाल.” तिनं पटकन दप्तर भरलं. ती घाबरली होती, पण फार नाही. मामांनी गाडी खामगावच्या रस्त्याला घातली नाही, तिच्या गावाकडे वळवली. ते पाहून सर व्हरांड्याच्या पायरीवर खाली बसले. मला कोणी काही सांगायची गरज राहिली नाही.

दवाखान्यात काय झालं ते पुढे तिच्या आईकडून कळलं. साडेबाराच्या सुमारास त्यांना शुद्ध आली होती. बोलत होते. “पोरगी आली का?” असं दोनदा विचारलं. आई म्हणाली, “येऊन राह्यली.” मग ते दाराकडे तोंड करून पडून राहिले. दीडच्या आसपास गेले.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांच्याकडच्या दिवसकार्याचा, कार्यक्रम झाल्यावर ती शाळेत आली. तोपर्यंत तिला सगळा हिशोब लागला होता, कोणाला किती वाजता माहीत होतं, कोणी कोणाला फोन केला. तिनं तो शोध कसा लावला असेल याचं मला नवल वाटलं नाही. एकाला विचारायचं, मग दुसऱ्याला विचारायचं, हे ती माझ्याच सोबत राहून शिकली होती. मधल्या सुट्टीत आम्ही पाण्याच्या टाकीमागे बसलो होतो.

“सगळ्याइले माहीत होतं,” ती म्हणाली. “मामाले, आईले, सराले. दहा वाजल्यापासून. एकानंही मले नाई सांगतलं. माह्याच बापाचं मलेच नाई सांगतलं.” मग माझ्याकडे वळली. “तुले माहीत होतं?”

मी म्हणाले, “नाई.”

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडली. त्या सगळ्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती, असं तिची आई नंतर म्हणाली. रडता रडता म्हणत होती, “तूच एक हायस मले. तूच एक.” माझा हात तिच्या पाठीवर होता आणि मला तो तोडून फेकावासा वाटत होता.

पुढचे तीन महिने ती सरांशी बोलली नाही. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायची तेवढंच. मामा घरी आले की उठून मागच्या दारी जायची. आईशीही कामापुरतं. बोलायची ती फक्त माझ्याशी. सकाळी गाडीतून उतरली की थेट माझ्याकडे यायची. बाबांच्या पंपाच्या पेटीत काय काय निघालं, रात्री तिला कोणतं स्वप्न पडलं, धाकट्या भावानं काय विचारलं, सगळं मला. फळा आम्ही सोडला नव्हता. ती “सांग” म्हणायची, मी सांगायचे, आणि प्रत्येक बातमीच्या आधी मला ती एकच बातमी तोंडाशी यायची.

एकदा सरांनी मला थांबवलं. त्यांचे डोळे खोल गेले होते. “तू तिला सांगितलंस का, तुलाही माहीत होतं म्हणून?”

“नाही.”

“नको सांगू,” ते म्हणाले. “माझं चुकलं ते चुकलं. पण तिला एक तरी माणूस राहू दे.”

मी त्यांच्यावर फार चिडले. खरं बोलायला शिकवणाऱ्या माणसानं दुसऱ्यांदा मला गप्प बसवलं, म्हणून. तरी मनात मला ठाऊक होतं की त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. मी खरं सांगितलं तर मला हलकं वाटणार होतं आणि ती एकटी पडणार होती. डेस्कवर बसून मी रोज ठरवते कोणती बातमी जाईल आणि कोणती थांबेल, माझ्याहून लहान पोरं माझ्याकडे विचारायला येतात, आणि मी ठामपणे बोलते. त्या एका बाबतीत मात्र मला अजून ठाम होता आलेलं नाही.

दहावीच्या निरोपाचा दिवस आला. आमचा शेवटचा फळा. त्या दिवशी मी सरांकडे चिठ्ठी नेली नाही. सही घेतली नाही. रात्रभर मी तिच्याशी तोंडावर बोलायची तयारी केली होती आणि सकाळी कळलं की ते मला जमणार नाही. सांगायची सवय मला फक्त एकाच रीतीनं होती, ती पाठमोरी असताना. मी भित्री होते म्हणून बातमीच्या आड लपले, हे इथं लिहून ठेवते.

“सांग,” ती म्हणाली.

“सहामाहीच्या गणिताच्या पेपराच्या दिवशी,” मी सांगितलं, “सकाळी सव्वादहा वाजता, या फलकाच्या संपादिकेला एक बातमी कळली होती.”

तिनं लिहिलं. नेहमीसारखं, सरळ ओळीत.

“ती बातमी तिच्या मैत्रिणीच्या वडिलांची होती. ती तिने मैत्रिणीला सांगितली नाही. विचारल्यावर खोटं सांगितलं. नंतर पुन्हा विचारल्यावर पुन्हा खोटं सांगितलं.”

खडू थांबला. मला वाटलं आता ती वळेल. ती वळली नाही. तिनं राहिलेले शब्द लिहिले, एकही गाळला नाही, शेवटी टिंब दिलं. मैदानावर पोरं परिपाठासाठी रांगा करत होती, पीटीचे सर शिटी वाजवत होते.

“हे संपादिका कोण?” तिनं फळ्याकडेच पाहत विचारलं.

“मी.”

“मंग तसं म्हण ना.”

“मले माहीत होतं,” मी म्हणाले. “मले सकाळपासून माहीत होतं.”

तिनं तिच्याच अक्षरातल्या त्या ओळी वरून खाली एकदा वाचल्या. मग म्हणाली, “मी खिडकीपाशी बसली होती त्या दिवशी. अकराची गाडी गेली ना, तवा मी पेपरातून डोकं वर करून पाह्यली. मले वाटलं, आज गाडी कशी रिकामी हाय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिनं फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि फळा वरपासून खालपर्यंत पुसला, कोपऱ्यांतूनसुद्धा. ओल्या फळ्यावर खडू नीट उमटत नाही, म्हणून तो वाळेपर्यंत थांबली. मग मी काही न सांगता तिनं लिहिलं, ‘दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी हार्दिक शुभेच्छा.’ खडू माझ्या हातात दिला आणि मुलींच्या रांगेत जाऊन उभी राहिली. त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही. बोर्डाच्या परीक्षेत आमचे बाक एकाच खोलीत होते, तरी नाही. लग्नाची पत्रिका तिनं वर्गातल्या सगळ्यांना पाठवली, मला नाही.

त्या सकाळी परिपाठात माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले. मागे फळा होता, समोर ती तिसऱ्या रांगेत, सगळ्यांपेक्षा उंच. खरं काय ते तेव्हाही बोलता आलं असतं. मी फळ्यावर होतं तेच वाचलं, खणखणीत आवाजात, आणि सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या.